गावरान अंड्याचा रंग आणि शांघायची कोंबडी

मंडळी, अंड्याच्या रंगाबद्दल मला येणारे प्रश्न तीनच प्रकारचे असतात. तपकिरी अंडं जास्त पौष्टिक का? बाजारातलं गावरान अंडं रंगवलेलं आहे का, हे ओळखायचं कसं? आणि तिसरा हल्ली फार वाढलाय: निळ्या-हिरव्या अंड्यांचा फोटो, खाली एकच ओळ, ‘दादा, हे खरं असतं का?’ तिन्हींची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत आणि ती नीट सांगायची तर दीडदोनशे वर्षं मागं जावं लागतं. म्हणून आजची नोंद लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी कोंबडीच्या पोटात काय चालतं ते बघू. बलक सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण २४ ते २६ तास लागतात. पहिल्या चार-पाच तासांत बलकाभोवती पांढरं चढतं, मग आतले पातळ पापुद्रे. उरलेले जवळजवळ २० तास अंडं एकाच ठिकाणी मुक्कामाला असतं, टरफल तयार करणाऱ्या पिशवीत. टरफल म्हणजे बहुतेक सगळं कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या भाषेत चुनखडी. आणि चुना पांढरा. म्हणजे कुठल्याही कोंबडीचं अंडं मुळात पांढरंच. रंग ही त्यात पडलेली भर आहे.

ही भर टाकणारी रंगद्रव्यं दोनच. तपकिरी रंगाचं नाव प्रोटोपॉर्फिरिन, निळ्याचं बिलिव्हर्डिन. नावं अवघड आहेत, पण दोन्ही रक्ताच्याच घरची. रक्ताला लाल करणारं हीम तयार होताना शेवटच्या पायरीच्या आधी प्रोटोपॉर्फिरिन असतं, त्यात लोह बसलं की हीम झालं. आणि हीम मोडलं की त्यातून बिलिव्हर्डिन निघतं. मुका मार लागल्यावर काळंनिळं झालेलं अंग दोन-चार दिवसांनी हिरवट दिसायला लागतं ना, तोच तो हिरवा.

आता खरी गंमत. तपकिरी रंग मुख्यतः शेवटच्या काही तासांत वरून चढतो, भिंत बांधून झाल्यावर रंगाचा हात मारावा तसा. निळा रंग मात्र टरफल घडत असतानाच त्यात मुरत जातो, सिमेंटातच रंग कालवून भिंत उभी करावी तसा. म्हणून तपकिरी अंडं फोडून आत बघितलंत तर टरफल आतून पांढरं, आणि निळं अंडं आतूनही निळं. हिरवं अंडं म्हणजे निळ्या भिंतीवर तपकिरी हात. आतून बघा, निळंच सापडेल. पुढं बाजारातल्या भांडणात हे उपयोगी पडणार आहे, लक्षात ठेवा.

या रंगांचा पहिला पद्धतशीर छडा लावला तो इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी, १८७५ साली. हा माणूस पोलादाचा. पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली बघायची विद्या त्यांनीच सुरू केली. तसाच त्यांनी वेगवेगळ्या पक्ष्यांच्या टरफलांतला रंग वेगळा काढून त्यातून जाणारा प्रकाश तपासला, आणि दाखवलं की पक्षी शेकडो, अंड्यांच्या छटा हजारो, पण खाली रंगद्रव्यं मोजकीच आहेत. कोंबडीच्या अंड्यात लाल धान्य खाल्ल्यामुळं रंग येतो, मातीमुळं येतो, या सगळ्या समजुतींचा निकाल खरं तर तिथंच लागायला हवा होता. लागला नाही. आजही मला कुणीतरी सांगतं, ‘बाजरी घाला, अंडं लाल होतं.’ बाजरीनं टरफल लाल होत नाही हो. खाद्यानं बदलतो तो बलकाचा रंग. मका, लसूणघास, झेंडूच्या पाकळ्या यांनी बलक केशरी होतो. टरफलाचा रंग ठरतो जातीवरून.

मग इतक्या जाती इतक्या रंगांच्या झाल्या कशा?

सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. त्याच्या मादीचं अंडं फिकट असतं, मळकट पांढऱ्यापासून बदामीकडं झुकणारं. आपल्या सह्याद्रीत फिरणारा राखी रानकोंबडा वेगळा, पण त्याचाही पाळीव कोंबडीत वाटा आहे. पिवळे पाय आणि पिवळी कातडी देणारा गुण या राखी रानकोंबड्याकडून आला, असं २००८ साली जनुकं तपासून दाखवलं गेलं. जगभर पिवळ्या पायाच्या कोट्यवधी कोंबड्या आहेत आणि त्यांच्या पायाचा रंग आपल्या दख्खनच्या जंगलातला आहे! हे मी जरा विषय सोडून सांगितलं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुद्दा असा की रानात पांढरंशुभ्र अंडं नव्हतं, चॉकलेटी नव्हतं आणि निळं तर नव्हतंच. ही तिन्ही टोकं पाळीव कोंबडीतली आहेत, आणि तिघांचे रस्ते वेगळे.

पांढऱ्याचा रस्ता भूमध्य समुद्राकडचा. इटलीत लिव्होर्नो नावाचं बंदर आहे, इंग्रज खलाशी त्याला लेगहॉर्न म्हणायचे. तिथल्या हलक्या, चपळ, पांढरी अंडी देणाऱ्या कोंबड्या एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला गेल्या आणि तिथं निवडून निवडून अंड्याचं यंत्रच झाल्या. अंगानं लहान, म्हणून खाणं कमी. खुडूक फारशा होत नाहीत, म्हणून अंडी सलग. आज आपल्या पोल्ट्रीतलं पांढरं अंडं जवळजवळ सगळं या लेगहॉर्नच्या वंशातलं. म्हणजे पोल्ट्रीचं अंडं पांढरं का, तर लेगहॉर्न कमी खाऊन जास्त अंडी देते म्हणून. त्यात औषध नाही, केमिकल नाही, ब्लीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही येऊ दे.

तपकिरी रंगाची गोष्ट जास्त मोठी आहे, आणि आपल्या खुराड्याशी तिचं नातं जास्त जवळचं.

१८४० च्या आधी युरोप-अमेरिकेत गडद तपकिरी अंडं देणारी कोंबडी जवळपास नव्हतीच. मग अफूचं युद्ध झालं, १८४२ च्या नानजिंग तहानं शांघायसकट चीनची पाच बंदरं इंग्रज व्यापाराला उघडावी लागली, आणि चहा-रेशमाबरोबर जहाजावरून कोंबड्याही निघाल्या. या चिनी कोंबड्या बघून गोरे लोक वेडे झाले. थोराड अंग, पायांवर पिसं, स्वभावानं गरीब, आणि अंडं तपकिरी. राणी व्हिक्टोरियानं स्वतः त्या पाळल्या. १८४९ च्या नोव्हेंबरात बोस्टन शहरात कोंबड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि तिथून पुढं पाच-सहा वर्षं एकेका जोडीला वेड्यासारखे भाव आले. या काळाला तिकडं ‘कोंबडीचा ताप’ असं नावच पडलं. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या व्यापाऱ्यानं त्यात भरपूर कमाई केली, १८५२ साली राणीला नऊ करड्या कोंबड्या भेट पाठवून आपल्या मालाची जाहिरात करून घेतली, आणि भाव कोसळल्यावर १८५५ साली त्याच तापाचा इतिहास लिहून लोकांना कसं वेडं बनवलं ते हसत हसत सांगून टाकलं. इमू आणि कडकनाथची पिल्लं घेऊन हात पोळलेल्या आपल्या भागातल्या लोकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

याच गर्दीत ‘ब्रह्मा’ ही जात निघाली. नाव आपलं, ब्रह्मपुत्रेवरून घेतलेलं. सुरुवातीला ‘ब्रह्मपुत्रा’ असंच म्हणायचे, मग तोडून ब्रह्मा झालं. चितगावचं रक्त तिच्यात असावं असं मानणारे आहेत, पण कोंबड्या गेल्या त्या मुख्यतः शांघायहून. विकायला भारी वाटावं म्हणून आपल्या नदीचं नाव चिकटवलं. तर कुणी तुम्हाला ‘प्राचीन भारतीय ब्रह्मा कोंबडी’ म्हणून चढ्या भावानं विकायला आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

१८७२ साली लँगशान ही आणखी एक चिनी जात इंग्लंडला पोचली. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या मारां गावच्या कोंबड्यांत लँगशान मिसळली आणि चॉकलेटसारखं गडद अंडं देणारी मारां जात झाली. हॉलंडमधल्या बार्नेवेल्डरलाही तिचा गडद रंग चिनी रक्तातूनच मिळाला. अमेरिकेत ऱ्होड आयलंड नावाच्या चिमुकल्या राज्यात बंदरावरच्या शेतकऱ्यांनी जहाजातून आलेले तांबडे मलाय कोंबडे आणि चिनी कोंबड्या आपल्या गावठी कोंबड्यांवर लावल्या. त्यातून जी काटक, तांबडी, तपकिरी अंडं देणारी कोंबडी उभी राहिली ती ऱ्होड आयलंड रेड. तिकडच्या अ‍ॅडम्सव्हिल गावात १९२५ साली या कोंबडीचं स्मारक उभारलंय, आणि १९५४ पासून ती त्या राज्याचा अधिकृत पक्षी आहे.

आपण तिला ओळखतो ‘आरआयआर’ म्हणून.

हो, तीच. पंचायत समितीच्या योजनेत, अंडी उबवणी केंद्रातून आपल्या आई-आजीनं जी तांबडी पिल्लं आणली, ती हीच किंवा हिच्या संकरातली. पुढं हैदराबादच्या सरकारी संशोधन संस्थेची वनराजा आली, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा आली. त्याही तपकिरी अंड्याच्या. ही सगळी कोंबडी मोकळी सोडली गेली, परसात फिरली, गावच्या कोंबड्यांत मिसळली. आज आठवडी बाजारात ‘गावरान’ म्हणून जे छान एकसारखं तपकिरी अंडं विकलं जातं, त्याचा तो रंग बहुतेक वेळा शांघायहून निघून अमेरिकेमार्गे आपल्या खुराड्यात आलेला असतो.

आणि ज्यांच्यात बाहेरचं रक्त शिरलेलं नाही, त्या जुन्या गावठी कोंबडीचं अंडं कसं असतं? लहान, आणि फिकट. एक दुधाळ, एक बदामी, एक किंचित गुलाबीसर, एखादं जवळजवळ पांढरं. दहा कोंबड्यांची दहा अंडी एका टोपलीत ठेवली तर दहा छटा दिसतात. माझ्याकडच्या जुन्या वाणाच्या अकरा कोंबड्या आहेत, त्यातली एकही गडद तपकिरी अंडं देत नाही. गिऱ्हाईक मात्र टोपलीत हात घालून गडद तेवढी वेचून घेतं आणि फिकट अंडी बाजूला सारतं, ‘ही पोल्ट्रीची मिसळलीत’ म्हणून. खरी गावरान तीच असतात! हसावं का रडावं कळत नाही.

गेल्या वर्षी आमच्या बाजारात जे झालं ते इथं लिहून ठेवतो. शेजारच्या वाडीतल्या एक आक्का दर आठवड्याला चाळीस-पन्नास अंडी घेऊन बसतात. घरात कमावतं दुसरं कुणी नाही, अंड्याच्या पैशातून मीठमिरची आणि नातीच्या वह्या. त्या दिवशी मोटारसायकलवरून दोघं आले. एकानं मोबाईलवर व्हिडिओ लावलेला, खिशातून लिंबाची फोड काढली आणि अंड्यावर घासली. तपकिरी रंग उतरला, खाली पांढरं दिसलं.

‘बघा, रंग लावलाय! मावशी, लाज वाटत नाही का लोकांना फसवायला?’

आक्का म्हणाल्या, ‘आवो दादा, माज्या कोंबड्यांची हायेत. रंग लावाय पैसा कुटनं आनू?’

पण व्हिडिओ चालू होता, माणसं जमली होती. त्या दिवशी आक्कांची अंडी कुणी घेतली नाहीत आणि पुढचे दोन आठवडे त्या बाजारात आल्याच नाहीत. मी आरआयआर संकराच्या तलंगा त्यांना स्वतः दिल्या होत्या, अंडी कुणाची आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या शेजारी बसलो, माझ्या कोंबडीनं त्याच सकाळी घातलेलं अंडं घेतलं आणि सगळ्यांसमोर त्यावर लिंबू घासलं. रंग उतरला.

का उतरला, ते वर सांगितलंय. तपकिरी रंग टरफलाच्या अगदी वरच्या थरात असतो. लिंबू किंवा व्हिनेगर म्हणजे आम्ल, आणि आम्लानं चुना विरघळतो. वरचा थर विरघळला की त्याच्याबरोबर रंगही गेला. ताज्या गडद अंड्याचा रंग तर नुसत्या ओल्या नखानंही थोडा ओरखडतो. म्हणजे लिंबाची परीक्षा खऱ्या तपकिरी अंड्यालाच खोटं ठरवते. हा व्हिडिओ कुणी काढला मला माहीत नाही, पण त्यानं गरीब बायकांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं चहाच्या पाण्यात अंडी बुडवणाऱ्यांनीही केलं नसेल.

बुडवणारे आहेत, हे नाकारत नाही. पोल्ट्रीची पांढरी अंडी चहापावडरीच्या किंवा रंगाच्या पाण्यात घालून गावरान म्हणून विकायचे प्रकार होतात. भावातला फरकच तेवढा आहे. ओळखायचं असेल तर साध्या पाण्यात उकळा. अंड्याचा स्वतःचा तपकिरी रंग पाण्यात विरघळणारा नाही, पाणी रंगत नाही. वरून लावलेला रंग बहुतेकदा पाण्यात उतरतो. दुसरं, फोडल्यावर टरफलाची आतली बाजू आणि पापुद्रा बघा. बाहेरून लावलेला रंग टरफलाच्या बारीक छिद्रांतून आणि तडीतून आत झिरपतो, पापुद्र्यावर डाग दिसतात. तिसरं, सगळी अंडी एकाच साच्यातून काढल्यासारखी एकाच रंगाची आणि एकाच आकाराची असतील तर शंका घ्या. परसातली कोंबडी असं काम करत नाही. आणि खोट्या नोटा तपासायचा जांभळा दिवा दुकानात असेल तर अंधारात अंड्यावर धरून बघा, प्रोटोपॉर्फिरिन त्या उजेडात लालसर चमकतं. पोरांना दाखवायला तर फारच छान.

आता निळं अंडं. याचा इतिहास तपकिरीपेक्षाही अजब आहे.

दक्षिण अमेरिकेत चिली देशात मापुचे नावाचे मूळ रहिवासी आहेत. स्पॅनिश लोकांना त्यांनी शेकडो वर्षं दाद दिली नाही. स्पॅनिश त्यांना आराउकानो म्हणत. त्यांच्या अंगणात निळी अंडी देणाऱ्या कोंबड्या होत्या. एका प्रकारच्या कोंबडीला शेपूटच नसायचं, ती निळी अंडी द्यायची. दुसऱ्या प्रकारच्या कोंबडीला कानाजवळ पिसांचे झुबके असायचे, डूल घातल्यासारखे. रुबेन बुस्तोस नावाच्या चिलीच्या माणसानं या दोन्हींचा संकर करून बिनशेपटीची, डूलवाली, निळ्या अंड्याची कोंबडी जमवली. १९१४ साली स्पेनचे कुक्कुटतज्ज्ञ साल्वादोर कास्तेयो चिलीला गेले, त्यांनी ती बघितली आणि त्यांना वाटलं, ही कोंबडीची जातच निराळी! १९२१ साली हॉलंडमधल्या हेग शहरात पहिली जागतिक कुक्कुट परिषद भरली, तिथं त्यांनी तिला वेगळी प्रजाती म्हणून मांडलं, लॅटिन नावही दिलं. पुढं जास्त माहिती हाती आल्यावर १९२४ च्या बार्सेलोनाच्या परिषदेत त्यांनी स्वतःच सांगितलं की ही वेगळी प्रजाती नाही, संकर आहे. पण तोवर जगात बोभाटा झाला होता. १९२७ साली अमेरिकेच्या नॅशनल जिऑग्राफिक मासिकात तिचं रंगीत चित्र छापून आलं आणि तिकडच्या हौशी लोकांनी चिलीहून कोंबड्या मागवायचा सपाटा लावला.

या जातीचं नाव पडलं आराउकाना. पाळायला सोपी नाही. त्या डुलांचा गुण आई आणि बाप दोघांकडून आला तर पिल्लू टरफलातच मरतं. म्हणजे दिसायला सुंदर म्हणून डूलवाला कोंबडा आणि डूलवाली कोंबडी लावली की चौथा हिस्सा अंडी वाया जातात. निळ्या रंगाचा याच्याशी संबंध नाही, रंग निरुपद्रवी आहे.

निळा रंग पिढ्यांत कसा उतरतो, हे शोधलं केंब्रिजच्या रेजिनल्ड पनेट यांनी. शाळेत जनुकशास्त्रात चौकोन काढून पिल्लांचा हिशोब करतात ना, तो पनेटचाच चौकोन. क्लॅरेन्स एलियट नावाच्या झाडं गोळा करणाऱ्या इंग्रजानं दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या कोंबड्या पनेटकडं आल्या. १९३३ साली त्यांनी दाखवलं की निळा रंग एकाच जनुकाचा खेळ आहे, आणि तो जनुक जोरकस आहे. आईबापांपैकी एकाकडून आला तरी अंडं निळं. तपकिरी रंगात असं नाही. तिथं बरेच जनुक मिळून रंग गडद-फिकट करतात, म्हणून तपकिरीची निवड वर्षानुवर्षं चालते आणि तरी एखादी फिकट निघतेच.

पनेट आणि मायकेल पीझ यांनी त्याच केंब्रिजमध्ये क्रीम लेगबार ही जातही घडवली. निळं अंडं, आणि वर आणखी एक सोय: पिल्लू एक दिवसाचं असताना अंगावरच्या लवेवरून नर की मादी ते कळतं. ज्यानं कधी शंभर पिल्लं आणून पुढं साठ कोंबडे निघालेले सोसलेत, त्यालाच या सोयीची किंमत कळेल.

तरी मुख्य प्रश्न राहिलाच होता. रानकोंबडीत नसलेला निळा रंग आला कुठून? उत्तर २०१३ साली मिळालं, आणि एकाच वर्षात दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी ते दिलं. उत्तर आहे विषाणू.

रेट्रोव्हायरस नावाचे काही विषाणू असतात, ते पेशीत शिरले की स्वतःची नक्कल यजमानाच्या जनुकांच्या साखळीत खुपसून ठेवतात. कधीतरी, कुठल्यातरी कोंबडीच्या बीजपेशीत असा एक तुकडा घुसला. साधारण ४,२०० अक्षरांचा. घुसला तो नेमका एका अशा जनुकाशेजारी, ज्याचं एरवीचं काम यकृतात असतं, पित्ताकडचे पदार्थ पेशीत ओढून घ्यायचं. शेजारी विषाणूचा तुकडा आल्यावर तो जनुक टरफलाच्या पिशवीतही जागा झाला आणि तिथं बिलिव्हर्डिन गोळा व्हायला लागलं. अंडं निळं झालं. विषाणू केव्हाच निष्प्रभ झाला, त्याचा तुकडा तेवढा पिढ्यान् पिढ्या चालत आला. म्हणून निळं अंडं खाऊन विषाणू लागेल का, अशी भीती बाळगू नका. लागत नाही. माणसाच्या स्वतःच्या जनुकांतही अशा जुन्या विषाणूंचे भरपूर अवशेष पडलेले आहेत.

पण थांबा, अजून पुढं आहे. चीनमध्येही निळी अंडी देणाऱ्या जुन्या जाती आहेत, डोंगशियांग आणि लुशी. आधी वाटायचं, चीनच्या कोंबड्या कशातरी चिलीला पोचल्या असतील. जनुकं तपासली तर दोन्हीकडं विषाणूचा तोच प्रकार, त्याच जनुकाशेजारी, पण घुसण्याची जागा वीस-पंचवीस अक्षरांनी वेगळी. म्हणजे ही घटना जगात दोनदा, दोन ठिकाणी, स्वतंत्रपणे घडली. आणि दोन्हीकडं कुणीतरी ते विचित्र अंडं बघून ‘अपशकुन’ म्हणून कोंबडी कापली नाही, उलट तिची पिल्लं काढली. मला या इतिहासातला सगळ्यात मोठा माणूस पनेट वाटत नाही, ती चिलीतली किंवा चीनमधली अनाम बाई वाटते जिनं ते पहिलं निळं अंडं उबवायला ठेवलं.

चिलीत कोंबडी कोलंबसाच्या आधी होती की नंतर आली, हा वाद अजून चालू आहे. २००७ साली तिथल्या एल अरेनाल गावच्या उत्खननातलं कोंबडीचं हाड चौदाव्या शतकाच्या आसपासचं निघालं, त्यावरून पॉलिनेशियाच्या दर्यावर्दी लोकांनी ती पॅसिफिक ओलांडून नेली असं काहींनी मांडलं. इतरांनी त्यावर आक्षेप घेतले. माझ्यापुरतं म्हणाल तर शिडाच्या होडीत कोंबडी घालून समुद्र पार करणाऱ्यांबद्दल मला काही अशक्य वाटत नाही.

आता आपल्याकडचं. निळ्या अंड्यात कोलेस्टेरॉल कमी असतं, डायबेटिसला चालतं, असं सांगून पिल्लं विकणारे यायला लागलेत. हा दावा अमेरिकेतही पन्नासेक वर्षांपूर्वी जोरात होता. तपासण्या झाल्या, तसं काही निघालं नाही. पांढरं, तपकिरी, निळं, तिन्हींच्या आतला माल सारखाच. फरक पडतो तो कोंबडी काय खाते, किती फिरते, अंडं किती ताजं आहे यानं. कडकनाथचंही तसंच. कोंबडी काळी, मांस काळं, पण अंडं फिकट बदामी. कातडीतला काळा रंग वेगळ्या द्रव्याचा, त्याचा टरफलाशी संबंध नाही. मोबाईलवर दिसणारी काळीकुट्ट ‘कडकनाथ अंडी’ खरी नाहीत. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून हे फोटो जास्तच फिरतात.

कानाच्या पाळीवरून अंड्याचा रंग सांगणारेही भेटतात. पांढरी पाळी तर पांढरं अंडं, लाल पाळी तर तपकिरी. लेगहॉर्न आणि आरआयआरला हे लागू पडतं, म्हणून नियम वाटतो. पण इंग्लंडच्या डॉर्किंगची पाळी लाल आणि अंडं पांढरट, स्पेनच्या पेनेदेसेंकाची पाळी पांढरी आणि अंडं गडद तपकिरी. बाजारात पिल्लं घेताना त्यावर पैसे लावू नका.

रोजच्या कामात रंगाचा खरा उपयोग दुसराच आहे, आणि तो मी वहीत लिहून ठेवतो. तपकिरी अंडं देणारी कोंबडी हंगामाच्या सुरुवातीला गडद अंडी देते, पुढं पुढं फिकट होत जातात. वयानं आणि थकव्यानं हे होतंच, घाबरू नका. पण चार दिवसांत सगळ्या कळपाची अंडी एकदम फिकट पडली तर मात्र बघा. कुत्रं किंवा मुंगूस रात्री खुराड्याभोवती फिरतंय का? कोंबडी घाबरली की रंग चढायच्या वेळी गडबड होते. ऊन फार झालंय का? खोकला, शिंका आहेत का? श्वासनलिकेच्या विषाणूजन्य आजारात आणि राणीखेतमध्ये अंडी फिकट, वाकडी, खरबरीत येतात, तेव्हा थेट पशुवैद्यकाला फोन. आणि रक्ती हगवणीवर निकार्बाझिन असलेलं औषध चुकून अंड्यावरच्या कोंबडीला गेलं तर तपकिरी अंडं दोन-तीन दिवसांत पांढरं पडायला लागतं. पाकिटावरचं नाव वाचून मगच खाद्यात मिसळा.

आक्का आता पुन्हा बाजारात बसतात. मी त्यांना दोन टोपल्या करायला सांगितल्या. एकीत जुन्या गावठीची फिकट, लहान अंडी, दुसरीत आरआयआर संकराची तपकिरी. प्रत्येकीवर पुठ्ठ्यावर लिहिलेलं नाव, नातीच्या अक्षरात. पहिल्या आठवड्यात फिकट टोपलीतली सहाच गेली. परवा दुपारी बाराच्या आत तीच आधी रिकामी झाली, आणि दोघंजण पुढच्या बाजारासाठी सांगून गेले.

निळ्या अंड्याचा कोंबडा आणायचा का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. आणायचा तर जुन्या गावठी कळपात सोडू नका, वेगळा ठेवा. एक जनुक, तोही जोरकस. कोंबड्यात तो दोन्ही बाजूंनी आलेला असेल तर एका पिढीतच सगळ्या तलंगा निळी-हिरवी अंडी देतील, आणि आपल्या फिकट अंड्यांचा वाण पुन्हा वेगळा काढता काढता दमायला होईल. माझ्याकडच्या अकरा कोंबड्यांपैकी चार या आठवड्यात खुडूक आहेत. त्यांच्याखाली त्यांचीच अंडी ठेवलीत, किती फुटतात ते एकवीस दिवसांनी कळवतो.